पंचवीस अणूंचे सोने

सुरतेत संसार केलेल्या बाईला सोन्याचे तीन अवतार चांगले ओळखीचे असतात. एक सराफाच्या पेढीवरचा, ज्याचा भाव सकाळच्या चहाबरोबर विचारला जातो. दुसरा जरीतला, चांदीची तार ओढून, चपटी करून, रेशमावर गुंडाळून तिच्यावर चढवलेला सोन्याचा मुलामा. आणि तिसरा वैद्यांच्या पुडीतला, म्हणजे सुवर्णभस्म. चौथा अवतार आमच्या घरात आणला तो माझ्या पुतणीने. गेली तीन वर्षे ती बडोद्याच्या एका प्रयोगशाळेत सोन्याचे इतके बारीक कण करते आहे की त्यांना सोने म्हणावे की नाही, असा प्रश्न पडावा. हे कण अंधारात विशिष्ट प्रकाश पडला की लाल उजळतात, आणि त्यांच्या उजेडात जिवंत पेशी पाहता येते. त्या उजेडाने आमच्या घरात काय काय केले, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी घराविषयी दोन शब्द. आम्ही पर्वत पाटिया येथे राहतो. नावात पर्वत असला तरी आसपास साधी टेकडीही नाही. पर्वत हे जुन्या गावाचे नाव, आणि त्या गावाकडे वळणाऱ्या वाटेच्या तोंडाशी जी पाटी, ती पाटिया. गुजरातेत अशा पाट्यांची नावेच पुढे वस्त्यांना चिकटली. आज इथे कापडाच्या व्यापाऱ्यांच्या इमारती आहेत, मारवाडी शेजार आहे, आणि पावसाळ्यात खाडी फुगली की आमचे नाव वर्तमानपत्रात हमखास येते. माझे सासरे खानदेशातून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने भुसावळहून सुरतेस आले आणि कापडाच्या धंद्यात चिकटले. आपली तापी जिथे समुद्राला मिळते तिथेच आपण पोहोचलो, परक्या मुलखात नाही, असे ते म्हणत. दोघे भाऊ, दोघी जावा, एक स्वयंपाकघर, असा आमचा संसार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. धाकट्या जाऊबाईंची ही मुलगी. मला ती मोठी आई म्हणते.

जाऊबाईंना चार वर्षांपूर्वी स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. स्तन वाचवून गाठ तेवढी काढली, आणि आम्ही देवापुढे साखर ठेवली. आठ-दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत रोगट पेशी आढळल्या होत्या. म्हणजे आत काही राहिले असण्याची शक्यता होती. पुन्हा भूल, पुन्हा टाके. यात कोणाची हयगय नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. शल्यवैद्याला गाठ हाताला लागते, पण तिच्या कडेला विखुरलेल्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या दिसतात नंतर, सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तोवर रोगी घरी आलेला असतो. पुतणी तेव्हा रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. कोपऱ्यात बसून तिने तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि विचारले, “मोठी आई, कापायच्या वेळीच का नाही दिसत?” पुढे संशोधनासाठी तिने जो विषय निवडला, तो या एका प्रश्नावरून.

आता थोडे शास्त्र. वाचकांनी कंटाळू नये. स्वयंपाकघरात बसून मला जेवढे समजले तेवढेच सांगते.

आपल्या तपासणीच्या कागदामागे जी काचपट्टी असते, तिच्यावरची पेशी मेलेली असते. मांसाचा तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवतात, मेणात बसवतात, त्याच्या पातळ चकत्या कापतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांत बुडवतात. निळ्या-गुलाबी रंगात सारे स्पष्ट दिसते, निदान पक्के होते, आणि या जुन्या रीतीला आजही पर्याय नाही. पण ते छायाचित्र पाहून माणूस ओळखण्यासारखे झाले. पेशी काय खाते, काय आत घेते, औषध दिल्यावर तिचे काय होते, हे पाहायचे तर ती जिवंत हवी. आणि जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते. पाण्यात पाण्याचा थेंब शोधावा तशी गत. तिला मारल्याशिवाय तिच्या आत एखादा दिवा ठेवता आला तरच काम भागते.

असा दिवा म्हणजे प्रतिदीप्ती. शब्द अवघड आहे, वस्तू रोजची आहे. आमच्या खालच्या कापड दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. त्याच्याखाली पाचशेची नोट धरली की कागदातले बारीक धागे चमकू लागतात. न दिसणारे अतिनील किरण ते धागे शोषतात आणि दिसणाऱ्या रंगाचा प्रकाश परत देतात. आमच्या पिढीच्या बायकांनी पांढऱ्या साड्यांना जी सफेदीची पूड वापरली, तिचेही तेच गुपित. पेशीसाठी असे रंग पुष्कळ आहेत. जेलीफिशपासून मिळालेल्या हिरव्या प्रथिनासाठी २००८ साली नोबेल पारितोषिक दिले गेले. अर्धवाहकांच्या सूक्ष्म ठिपक्यांसाठी २०२३ साली. पण साधे रंग प्रखर प्रकाशात विटतात, उन्हात वाळत घातलेल्या साडीसारखे. आणि त्या ठिपक्यांपैकी जे उत्तम उजळतात त्यांत बहुधा कॅडमियम असते, जे पेशीला विष आहे. म्हणून शोध चालला एका निरुपद्रवी धातूचा.

सोने हे नाव इथे येते याचे मला प्रथम नवल वाटले. सोने चमकते, पण ते दुसऱ्याचा उजेड परतवते. स्वतः उजळत नाही. दागिन्यातल्या सोन्यावर किरण पडला तर त्याची प्रतिदीप्ती जवळजवळ शून्यच असते. पुतणीने याचे कारण असे सांगितले. धातूच्या मोठ्या तुकड्यात इलेक्ट्रॉनांना ऊर्जेची सलग उतरण असते. वर चढलेला इलेक्ट्रॉन त्या उतरणीवरून घरंगळत खाली येतो आणि त्याची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. तुकडा लहान करत जा. फॅरेडेने १८५७ साली सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगवले, तेव्हा ते पाणी माणकासारखे लाल झाले. म्हणजे लहान झाल्यावर सोने रंगही बदलते. पण तो रंग म्हणजे उजळणे नव्हे. आणखी लहान करा, दोन नॅनोमीटरच्या आत, जिथे अणू हजारांनी नव्हे, डझनांनी मोजता येतात. तिथे ती सलग उतरण तुटते आणि तिचा जिना होतो. एका पायरीवरून दुसरीवर उडी मारताना इलेक्ट्रॉन उरलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सोडू शकतो. अशा मूठभर अणूंच्या घोळक्याला अणुगुच्छ म्हणू या.

जरीच्या हिशेबात हे किती लहान? सोन्याचा ठोकून केलेला वर्ख एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ असतो आणि उजेडासमोर धरला तर त्यातून हिरवट प्रकाश पार होतो. त्याच्या जाडीतही अणूंचे काही शे थर एकावर एक असतात. पुतणीच्या एका अख्ख्या गुच्छात अणू पंचवीस. “जाऊ दे,” माझे दीर म्हणाले, “सराफाला घडणावळ तरी काय लावता येणार!”

हे गुच्छ करण्याची जी रीत सर्वांत गाजली ती २००९ साली सिंगापूरच्या संशोधकांनी, जियानपिंग शिए, युआनगँग झेंग आणि जॅकी यिंग यांनी प्रसिद्ध केली. मला ती आवडते, कारण तिच्यात भट्टी नाही, प्रचंड यंत्र नाही. सोन्याच्या क्षाराचे पिवळे पाणी घ्यायचे. त्यात गोवंशाच्या रक्तद्रवातले अल्ब्युमिन हे प्रथिन मिसळायचे. दोन मिनिटांनी थोडा दाहक सोडा घालून द्रावण अल्कधर्मी करायचे आणि ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला, बारा तास ढवळत ठेवायचे. विरजण लावून रात्रभर ठेवण्याइतकीच ही क्रिया शांत आहे. प्रथिनच सोन्याच्या आयनांना धरते, तेच त्यांचे धातूत रूपांतर करते, आणि तेच त्या पंचवीस अणूंभोवती आवरण होऊन बसते. सकाळी बाटलीत गडद तपकिरी पाणी असते, काळ्या चहासारखे. अतिनील दिवा लावला की ते लाल पेटते. गंमत अशी की सारे सोने मिळून त्या प्रथिनाच्या वजनाच्या तेराव्या हिश्श्याएवढेही नाही. पुढे कोणी कोंबडीच्या अंड्यातला पांढरा भाग वापरूनही हेच साधले. आमच्या घरी अंडे शिजत नाही, तेव्हा या माहितीवर सासूबाई काय म्हणाल्या असत्या, त्याची कल्पना करून आम्ही दोघी जावा हसलो.

उजळणे फार प्रखर आहे असे मात्र समजू नये. त्या पहिल्या रीतीत शोषलेल्या शंभर प्रकाशकणांमागे सहा-एकच परत मिळत होते. चांगल्या सेंद्रिय रंगातून नव्वदाच्या वरही मिळतात. गुच्छाचे मोल त्याच्या टिकाऊपणात आहे, आणि रंगात आहे. मोबाइलचा दिवा तळहाताखाली लावून पाहा. पांढऱ्या उजेडातून बोटांच्या कडांना फक्त लाल पार होतो. निळा-हिरवा रक्तमांसात अडतो. शिवाय पेशी स्वतःही अतिनील प्रकाशात किंचित निळसर-हिरवी उजळते. त्या पार्श्वभूमीवर लाल दिवा निराळा ओळखू येतो.

हे सारे परदेशातच चालते असे मी धरून चालले होते. पण आमच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, इच्छानाथ येथे, सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. १९६१ साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ती सुरू झाली. आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी मुले तिथून अभियंते होऊन बाहेर पडली. तिथल्या रसायनशास्त्र विभागातले सुरेशकुमार कैलासा आणि त्यांचे विद्यार्थी याच विषयावर वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. २०१४ साली त्यांनी नवसारी कृषी विद्यापीठातील सहकाऱ्याबरोबर उसाच्या रसापासून कार्बनचे उजळणारे ठिपके केले आणि त्यांच्या साह्याने जिवाणू व यीस्ट यांच्या पेशी पाहिल्या. पुढच्या वर्षी हेच सफरचंदाच्या रसातून. हे ठिपके धातूचे नव्हेत, पण सोयरे खरेच. मग २०१६ साली तांब्याचे, एकाहून अधिक रंगांत उजळणारे गुच्छ, एकाच पायरीत तयार केलेले, रासायनिक पदार्थ ओळखण्यासाठी आणि पेशींच्या चित्रणासाठी. २०१८ साली अल्ब्युमिन आणि अननसातले ब्रोमेलिन वापरून सोन्याचे. त्यांनी पाऱ्याचे आयन आणि एक कीटकनाशक ओळखता येते. दक्षिण गुजरातेत ऊस काय थोडा आहे? बारडोलीच्या वाटेवर आम्ही रसवंतीपाशी कितीदा थांबलो असू. त्याच रसात जिवाणू पाहण्याचा दिवा दडला असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार!

तांबे स्वस्त, सोने महाग, मग तांबेच का नाही, हा माझा प्रश्न पुतणीला आवडला. उत्तर आपल्या देवघरात आहे. तांब्याचा तांब्या चार दिवस घासला नाही तर काळवंडतो. पंचवीस अणूंच्या गुच्छात जवळजवळ प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, तेव्हा हवा लागली की तांबे झपाट्याने बिघडते. सोने टिकते.

आता तो दिवा नेमक्या पेशीत कसा जावा? कोचीचे अमृता विद्यापीठ आणि मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने मिळून २०१० साली एक युक्ती प्रसिद्ध केली. काही प्रकारच्या कर्कपेशींना वाढीसाठी फोलिक आम्ल फार लागते, आणि ते पकडण्यासाठी त्यांच्या अंगावर जास्त ‘हात’ असतात. गरोदर बायकांना ज्या फोलिक आम्लाच्या गोळ्या देतात तेच हे. सोन्याच्या गुच्छाच्या प्रथिनी आवरणाला फोलिक आम्ल जोडले की असे हात असलेली पेशी ते ओढून घेते, आणि दिवा तिच्या पोटात जातो. शेजारची, तसे हात नसलेली पेशी अंधारातच राहते. पुतणीने फोनवर आम्हाला तिच्या बशीतल्या पेशींचे चित्र दाखवले. काळ्या पार्श्वभूमीवर लाल कडे असलेले गोल, मध्ये काळसर केंद्रक. “या जिवंत आहेत,” ती म्हणाली, “चित्र काढल्यावरही जिवंत होत्या.” जाऊबाई बराच वेळ पाहत राहिल्या. जिने आपले दोन वेळा अंग चिरायला लावले, ती वस्तू त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

मग त्यांनी विचारले ते विचारलेच. “हे सोनं माझ्या वेळी असतं, तर दुसऱ्यांदा चिरावं लागलं नसतं ना ग?”

या प्रश्नाची मला धास्ती होती. कारण तोवर आमच्याकडे नातेवाइकांचा एक प्रवाह सुरू झाला होता. सोन्याने कर्करोग बरा होतो असे संदेश येत. एका आप्तांनी भस्माच्या पुड्या पाठवल्या आणि वर म्हणाले, तुमची मुलगी तेच तर करते आहे! तेच नव्हे. भस्मातले कण या गुच्छांहून पुष्कळ मोठे असतात. त्यांना ती जिन्याची रचना नाही आणि तो उजेडही नाही. आणि मुख्य म्हणजे, पुतणीचे सोने काहीच बरे करत नाही. ते दाखवते. दिसणे आणि बरे होणे यांच्यात केवढे अंतर आहे हे निरोगी माणसाला सहज कळते. रोग्याच्या घरात मात्र ‘दिसले’ एवढे कानावर पडले की ‘बरे झाले’ असेच ऐकू येते.

पुतणी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “नाही, आई. हे अजून बशीत आहे. तुझ्यासारख्यांपर्यंत यायला किती वर्षं लागतील, मला सांगता येणार नाही. कदाचित दुसरंच काही आधी येईल आणि हे येणारच नाही.”

मला ते कठोर वाटले. पण तिने पुढे जे सांगितले ते ऐकून मी बोलले नाही. बशीतली पेशी एकटी असते. शरीरात यकृत आहे, मूत्रपिंड आहे, रक्त आहे. काम झाल्यावर सोन्याने बाहेर पडायला हवे. सुमारे साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जातात, मोठे अडकतात. पंचवीस अणू लहानच, पण त्यांच्यावर अल्ब्युमिनचे जाडजूड पांघरूण असते. २०१२ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात ग्लूटाथायोन या लहानशा रेणूच्या आवरणातले सोने चार आठवड्यांत बहुतेक सारे शरीराबाहेर गेले. अल्ब्युमिनच्या आवरणातले बहुतेक आतच राहिले. सोने तेच, अंगरखा निराळा, आणि निकाल उलटा. पुतणीचे सध्याचे सारे काम या अंगरख्यावर चालले आहे. दिवसाचे दहा तास ती वेगवेगळी वेष्टने करून पाहते, आणि बहुतेक वेळा गुच्छ मंदावतो, नाही तर विस्कटतो.

ती म्हणाली ते ‘दुसरंच काही’ आलेही आहे. फोलिक आम्लाचीच युक्ती वापरणारा एक सेंद्रिय रंग २०२१ साली अमेरिकेत बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य झाला. आणि एप्रिल २०२४ मध्ये निराळ्या तत्त्वावरचा दुसरा एक रंग तिथेच मान्य झाला, तो नेमका स्तन वाचवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी: गाठ काढल्यावर पोकळीत विशेष कॅमेरा धरायचा आणि काही उजळते आहे का ते तिथल्या तिथे पाहायचे. म्हणजे पुतणीने त्या कोपऱ्यात बसून विचारलेला प्रश्न जगात इतरांनीही विचारला होता, आणि त्याचे एक उत्तर सोन्यावाचून मिळाले. त्यातही चुकीचे उजळणे होते, काहींना त्रास होतो, म्हणून काळजी घ्यावी लागते. मी तिला विचारले, मग तुझे काम वाया गेले का? “वाया कसं?” ती म्हणाली. “तो रंग लवकर विटतो. मला दिवसभर एकाच पेशीकडे बघायचं आहे. औषध घातल्यावर ती तासातासाला काय करते ते बघायचं आहे.”

त्या रात्री भांडी आवरताना जाऊबाई मला म्हणाल्या, “ताई, बरं झालं तिनं खरं सांगितलं. आजारपणात सगळे गोड बोलतात. कुणाचं खरं मानावं, हेच कळेनासं होतं. आता निदान घरात एक माणूस आहे, ज्याला विचारता येतं.” आणि भस्माच्या पुड्या त्यांनी कपाटातून काढून माझ्या हाती दिल्या. त्या पाठवणाऱ्याला परत करणे माझ्याकडे आले. मोठ्या जावेची कामे ही अशीच असतात.

जाऊबाईंची सहामाही तपासणी मार्गशीर्षात आहे. ती झाली की आम्ही दोघी बडोद्याला जाणार आहोत. ती बाटली घरी आणता येत नाही, प्रयोगशाळेचा नियम आहे. पण आईला आत नेऊन दिवा लावून दाखवण्याची परवानगी पुतणीने तिच्या मार्गदर्शकांकडून मिळवली आहे. सकाळच्या गाडीची तिकिटे दिरांनी काढून ठेवली आहेत.